मुलींच्या मुतारीचं कुलूप

आण्णा, तुमच्या शाळेतली एक सात वर्षांची मुलगी गेल्या महिन्यात माझ्या दवाखान्यात आली, म्हणून हे लिहायला बसले आहे. नाहीतर तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, एवढ्या काळात तुमच्याशी बोलावं असं मला फारसं वाटलं नव्हतं. मुलीला ताप होता, ओटीपोटात दुखत होतं, लघवीला जळजळ होत होती. यंदाची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा मी औषध लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. या वेळी तिच्या आईला विचारलं, ही पाणी किती पिते? आई म्हणाली, बाटली भरून देते ती तशीच भरलेली परत येते, सांगून सांगून दमले. मग मी मुलीलाच विचारलं. तिनं आधी आईकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "पाणी प्यालं की शू लागती. आन् आमच्या मुतारीला कुलूप हाय."

ते कुलूप तुम्ही लावलं होतं. मी तेव्हा तिसरीत होते. गडमुडशिंगीच्या पलीकडच्या आपल्या त्या गावात तुम्ही मुख्याध्यापक होता आणि शाळेमागच्या दोन खोल्यांत आपण राहत होतो. मुलींसाठी नवी मुतारी बांधून झाली, तुम्ही स्वतः उभं राहून फरशी घासून घेतली, आणि कुलूप घातलं. पाहुणे तपासणीला आले की ते निघायचं. स्वच्छ शाळेचं बक्षीस आपल्याला मिळालं, त्याचा फोटो अजून ऑफिसात आहे, फोटोत तुमच्या मागं ते दार चकचकीत दिसतं. तुम्हाला मुलांची काळजी नव्हती असं मी म्हणूच शकत नाही, हेच मला जड जातं. दर सोमवारी तुम्ही एकेका मुलाचा हात हातात घेऊन नखं कापायचा. खरूज झालेल्या पोरांना आपल्या अंगणात आंघोळ घालायचा. मला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात घातलंत आणि लहान पोरांची डॉक्टर हो म्हणालात. मी झाले. आणि आता तुमच्या शाळेतल्या मुली तपासते आहे.

मला स्वतःला त्या कुलपाचा कधी त्रास झाला नाही. मधल्या सुट्टीत मी पळत घरी यायची. माझ्यामागून दोघीतिघी यायला लागल्या, मग आठदहा. आई चुलीपुढं भाकरी थापत असायची, पोरी मागच्या दारात ओळीनं उभ्या. आई त्यांना एकेक करून आत सोडते आहे, प्रत्येकीला तांब्याभर पाणी प्यायला लावते आहे, हे मला आत्ताही दिसतं. चारेक दिवसांनी तुम्हाला कळलं. जेवताना तुम्ही आईला म्हणालात की शाळेतल्या पोरींना घरची सवय लावायची नाही. आईनं एवढंच विचारलं, "मग पोरींनी जायचं कुठं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शाळा सुटेपर्यंत कळ काढायची. शिस्त म्हणतात त्याला." दुसऱ्या दिवसापासून मागचं दार लागलं. माझ्यासाठी तेवढं उघडायचं.

आणि तपासणीचा तो दिवस. माझ्या बाकावरच्या मुलीनं दोनदा हात वर केला, तुम्ही दोनदा तिला बस म्हणालात, कारण साहेब वर्गात होते. फरशी ओली झाली. साहेब गेल्यावर तुम्ही बादली आणि फडकं मागवलं. ज्यानं घाण केली त्यानंच काढायची, असं म्हणालात, तुमचा आवाज चढलेला नव्हता. अख्ख्या वर्गासमोर ती गुडघ्यावर बसून पुसत होती. मी पाय वर घेऊन बाकावर बसले होते. ती परत शाळेत आली नाही. तिला मामाकडं गडहिंग्लजला धाडलं असं ऐकलं. पुढं शिकली का, मला ठाऊक नाही. मी कधी कुणाला विचारलंच नाही.

ती सात वर्षांची मुलगी दवाखान्यात येऊन गेल्यावर दोन दिवसांनी मी शाळेत गेले. आताच्या मुख्याध्यापिका माझ्याहून लहान आहेत, सरळ बाई. त्यांनी मला चहा दिला आणि काही लपवलं नाही. रोज धुवायला माणूस नाही, मुलं घाण करतात, म्हणून बंद ठेवतो, पाहुणे आले की उघडतो. "गुरुजींच्यापासूनचीच पद्धत आहे मॅडम," त्या म्हणाल्या, आणि मी कुणाची मुलगी ते आठवून घाईनं बिस्किटांची बशी माझ्यापुढं सरकवली. त्या स्वतःही शाळेत पाणी पीत नाहीत. मी त्यांना त्या मुलीचे लघवीचे रिपोर्ट दाखवले, वारंवार असं झालं तर किडनीवर काय बेतू शकतं ते समजावलं. त्यांनी तिथंच कुलूप काढलं. आत कोळिष्टकं होती आणि नळाला पाणी नव्हतं. त्यांनी ग्रामपंचायतीकडं खेटे घालून नळ चालू करून घेतला, रोजच्या सफाईला गावातली एक बाई लावून घेतली, आणि दिवसातून तीनदा फक्त पाणी पिण्यासाठी घंटा सुरू केली. या मुख्याध्यापिकांना एवढं सगळं करायला पंधरा दिवस पुरले. तुम्ही तिथं एकोणीस वर्षं होता.

त्यानंतर पालकांची सभा झाली. काय बोलायचं ते मी लिहून नेलं होतं, त्यात हे कुलूप माझ्या वडलांनी लावलं असं पहिलंच वाक्य होतं. गुरुजींची लेक म्हणून माझी ओळख करून दिली तेव्हा मागं बसलेली वयस्क माणसं उठून उभी राहिली. एकजण हात जोडून म्हणाला, "गुरुजींनी आमास्नी माणसात आणलं." मी कागदाकडं बघितलं आणि म्हणाले की पूर्वी कुणीतरी इथं कुलूप लावलं होतं. कुणीतरी. मग पाणी, लघवी, आजार, सगळं नीट सांगितलं, पालकांनी प्रश्न विचारले, सभा चांगली झाली.

हे आईला वाचून दाखवायचं मनात होतं. नाही दाखवणार. तेव्हा तुम्हाला विचारलं तसं तिनं मलाही एकच विचारलं असतं, सभेत हे का नाही बोललीस, आणि मला खरं सांगावं लागलं असतं. माणसं उठून उभी राहिली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, आण्णा.