लेलँडले निसानचं दार

जठारपेठ, अकोला
१२ फेब्रुवारी

ती. गोदाआत्यास,
अमोलचा शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होतो, पण मागच्या खेपेस तू अर्धा तास बरं बरं म्हणत राहिलीस आणि शेवटी विचारलंस, कोण बोलून राहिलं म्हणून. तेव्हापासून ठरवलं, तुला पत्रच. अक्षराला हसू नको. कणकेचे रोडगे भाजून भाजून बोटं अशीच झाली आहेत.

आपल्या गाडीचं दार गेलं. रिद्धपूरला जेवणाची ऑर्डर होती. वांग्याच्या भाजीचा गंज उतरवून राहिलो होतो, तेवढ्यात एक गोऱ्हा कुठून उधळला कोण जाणे, त्यानं सरळ डाव्या सरकत्या दारावर डोकं घातलं. गोऱ्ह्याला काही झालं नाही. दार मात्र पापडासारखं दुमडलं. आता ते दोरीनं बांधून फिरतो. परवा वळणावर दोरी सुटली आणि एक परात वाजत वाजत आमच्यापुढे निघून गेली. गाडीतल्या स्वयंपाकाच्या बाया अजून हसून राहिल्या.

गॅरेजवाल्यांनी हात वर केले. लेलँडची ही ‘स्टाइल’ नावाची गाडी बंद होऊन दहा वर्षं झाली, अख्ख्या अकोल्यात आपली एकटीच. पण मोबाइलवर शोधलं तर मजाच निघाली. हीच गाडी निसाननं इव्हालिया नावानं विकली आहे. एकच कारखाना, तोच सांगाडा, तेच इंजिन, तीच दारं. फक्त नाकाडं आणि नाव वेगळं. आपल्या गाडीला जुळी बहीण आहे आणि आपल्याला पत्ताच नाही. एक जण म्हणे की अमरावतीत एक इव्हालिया त्यानं पाहिली होती. तू रोज संध्याकाळी फिरतेस, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. लांबट, उंच, डब्यासारखी गाडी, दोन्ही बाजूंनी सरकती दारं. दिसली तर कळव.

बाबांजवळ मात्र यातलं काही बोलू नको. जन्मभर त्यांनी एसटीची लेलँड चालवली. आपली गाडी दुसऱ्या कोणाची जुळी आहे असं ऐकलं तर ते जेवणार नाहीत.

मायेत खंड नसावा.
तुझा,
अमोल


गाडगे नगर, अमरावती
२६ फेब्रुवारी

चि. अमोल यास,
गोदाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाडीपायी माझी अब्रू जायची वेळ आली होती. मी दोन आठवडे लोकांच्या फाटकांतून डोकावते आहे. एका ठिकाणी डब्यासारखी गाडी दिसली म्हणून वाकून नाव वाचत होते, तर राखणदारानं विचारलं, आजीबाई, काय हरवलं? मी म्हटलं, दार. त्यानं मला पाणी दिलं आणि घरचा नंबर विचारला.

शेवटी सापडली. रहाटगावच्या पुढे एक रोपवाटिका आहे, संत्र्याच्या कलमांची. तिथे चिंचेखाली पांढरी इव्हालिया उभी आहे, दोन्ही दारं धडधाकट. मालकीण आचल नावाची मुलगी. आई सुंदराबाई आणि ती, दोघीच सगळं बघतात. ही गाडी घेऊन ती धारणीकडच्या गावांत कलमं पोचवायची. गेल्या पावसाळ्यात तिकडच्या एका नाल्यात गाडी घातली, इंजिनात पाणी शिरलं, तेव्हापासून गाडी उभी. पुढचा काठ जवळ दिसत होता, असं ती म्हणते. अजूनही तिला तो जवळच वाटतो.

मी दाराचं विचारलं. ती म्हणाली की दार विकायचं नाही, पण तुमच्या भाच्याच्या गाडीचं इंजिन चांगलं असेल तर ते मात्र हवं आहे. मी म्हटलं, इंजिन दिल्यावर तो दार कशाला लावील? तर ती म्हणाली, मग दोघांचा प्रश्न सुटला. पस्तीस वर्षं मी वर्गात उत्तरं तपासली, या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागले.

तूच येऊन बोल. मुलगी हसरी आहे, हे केवळ माहितीसाठी. येताना दाढी करून ये, हेही केवळ माहितीसाठी.

आत्याला विसरू नये, एवढंच मागणं.
गोदाआत्या


जठारपेठ, अकोला
१७ मार्च

ती. गोदाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी जाऊन आलो. तुझ्याकडे न येता परतलो, राग धरू नको, उशीर झाला. सकाळी पोचलो होतो, हे खरं आहे.

दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या, आत्या, तर अंगावर काटा आला. आपली लाल, तिची पांढरी, बाकी सख्ख्या बहिणी. आचल आपल्या गाडीभोवती तीनदा फिरली आणि म्हणाली की माझ्या गाडीनं तोंडाला रंग लावला की अशी दिसंल. मी म्हटलं, तुमचीनं अंघोळ केली की अशी दिसंल. मग भांडण झालं. तिचं म्हणणं, तुमच्याजवळ दार नाही तर दोरी आहे, माझ्याजवळ इंजिन नाही तर बैलबंडी बांधू का? मी म्हटलं, बांधा. तिनं माझ्या हातात कुदळ दिली, कारण बोलता बोलता तिचं काम खोळंबून राहिलं होतं. दुपारपर्यंत मी खड्डे करून राहिलो होतो. सुंदराबाईंनी पिठलं-भाकर वाढली. मी डब्यातले रोडगे काढले. आचलनं तीन खाल्ले आणि म्हणाली की तूप कमी आहे. आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. मी घरी येऊन तूप वाढवलं, तर खरंच तिचं बरोबर निघालं.

ती कलमांशी बोलते, पण शिव्या देऊन. हसताना आधी मान खाली घालते. धारणीच्या सगळ्या गावांची नावं तिला पाठ आहेत, आणि कोणाच्या बांधावर कोणतं झाड जगलं तेही. एवढं लिहून कागद संपत आला.

दाराचं लिहायचं राहिलंच. असं ठरलं की तिचं दार माझ्या गाडीला लावायचं आणि गाडी दोघांनी वापरायची. सोमवार ते गुरुवार कलमं, शुक्रवार ते रविवार रोडगे. दार एका झटक्यात बसलं, जसं काही तिथलंच होतं.

तुझा लोभ आहेच, तो असाच वाढता असू दे.
अमोल


जठारपेठ, अकोला
४ एप्रिल

सौ. गोदेस,
भगवंतरावाचे आशीर्वाद.

तू मास्तरीण, जगाले शिकवलं, आन सख्ख्या भावाले एक कार्ड टाकता नाई आलं तुले? सगळं शहर पाहून राहिलं. लाल गाडीले पांढरं दार. मी इचारलं तर हा पोट्टा म्हणे, बाबा, निसानचं आहे, पण तेच आहे. तेच कसं असंल? लेलँडले निसानचं दार! तीस वर्षं मी स्टेअरिंग धरलं. घाटात बिरेक गरम झाले, पुराच्या पाण्यात रस्ता दिसला नाई, पण लेलँडनं मले कधी दगा दिला नाई. रिटायर झालो तेव्हा मनात एकच होतं, दारात लेलँड पाहिजे. म्हणून ही गाडी घेतली. आता हा मले सांगते का ही लेलँड नाईच, दुसऱ्याची गाडी लेलँडचं नाव लावून आली होती. मंग मी इतके दिवस कोनाची गाडी पुसून राहिलो होतो?

मी त्या गाडीत बसनं सोडलं. बजारात पायी जातो. गाडीत माती, पानं, पिशव्या. सोमवारी गेली का गुरुवारी येते. आन शुक्रवारी बी पोट्टा काहीतरी राहिलं म्हणून परत अमरावतीले पळते. काय राहते त्याचं रोज तिकडे? इचारलं तर लाल होते, गाडीसारखा.

येत्या मंगळवारी मी एसटीनं येऊन राहिलो. सोबत पाने घेतले. ते दार मी माह्या हातानं काढून त्या पोरीले वापस देतो. तू मधात पडू नको.

तुहा दादा,
भगवंतराव


गाडगे नगर, अमरावती
९ एप्रिल

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

काल तू तिकडे लग्नाच्या पंगतीत वाढत होतास, तेव्हा इकडे काय झालं ते ऐक, आणि बसून वाच.

दादा पान्यांची पिशवी घेऊन उतरले ते सरळ रोपवाटिकेत. मी मागे मागे. आचल गाडीत कलमं भरत होती. दादांनी नाव सांगितलं, तशी तिनं हात पुसून नमस्कार केला. दादा म्हणाले की दार काढायला आलो. ती म्हणाली, काढा, पण आधी दोन्ही गाड्या खालून पाहून घ्या, नाहीतर चुकीचं दार काढाल. आणि तिनं त्यांना अंथरायला पोतं दिलं.

दादा आपल्या गाडीखाली गेले. मग इव्हालियाखाली गेले. मग परत आपल्या. बराच वेळ आम्हाला नुसत्या त्यांच्या चपला दिसत होत्या, या गाडीखालून त्या गाडीखाली जाणाऱ्या. सुंदराबाई मला हळूच म्हणाल्या की चहा खालीच सरकवू का.

बाहेर आले तेव्हा तोंड उतरलेलं होतं. पोत्यावरच बसून राहिले. मला वाटलं, आता रडतात की काय. मी जवळ जाऊन बसले. मग ते एकदम म्हणाले, गोदे, आमच्या बसचं इंजिन आन सांगाडा लेलँडचा, पण वरचं डबडं एसटीच्या कारखान्यात ठोकत होते. सीटा तिसऱ्याच्या, टायर चौथ्याचे. मी तिले लेलँडच म्हणत होतो. पाशिंजर तिले अकोला गाडी म्हणत होते. तिले कधी राग आला नाही. असं म्हणून ते हसायला लागले, अमोल. तुझी आई गेल्यापासून मी दादांना असं पोट धरून हसताना पाहिलं नव्हतं. आचलही मान खाली घालून हसायला लागली, आणि मग कोणालाच थांबता येईना.

त्याच भरात दादांनी तिला विचारून टाकलं की पोरी, दार तर आलंच आहे आमच्याकडे, तू येतं का? माझ्या हातातला कप पडला. आचलनं शांतपणे सांगितलं की होकार तिनं तुला मागच्या बुधवारी परतवाड्याला चहाच्या टपरीवरच दिला आहे, पण बाबांना कसं सांगावं या भीतीनं तू अजून घाम पुसतो आहेस.

मागच्या बुधवारी. आणि मला कळवलं नाहीस. आता माझ्या रागाचं काय करायचं ते तू बघ. बाबांना सांगायचं काम मात्र उरलं नाही.

रागावलेली, पण तुझीच,
गोदाआत्या


रहाटगाव, अमरावती
२१ जुलै

ती. गोदाआत्यांस,
आचलचा सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात की साखरपुडा झाला, आता या घरची रीत पाळ आणि पत्र लिही. हे माझं पहिलं. लग्न दिवाळीनंतर, तोवर तुमच्याकडून सराव करून घेईन.

पांढऱ्या गाडीचं मी काय केलं ते तुम्ही पाहिलंच नाही. वर हिरवी जाळी टाकली, आत फळ्या लावल्या, आणि कोवळी कलमं त्यात ठेवली. आई म्हणते, ही गाडी आता कुठल्याच कंपनीची नाही, संत्र्याची आहे.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. कलमांचा हंगाम सुरू झाला आणि अमोलला ऑर्डरी असल्यानं धारणीला गाडी न्यायला माणूस नव्हता. त्याच्या बाबांनी स्वतःहून किल्ली घेतली. खाकी शर्ट इस्त्री करून आले होते. मला म्हणाले, तू मागं बस, नाल्याचं मी पाहतो. नाल्याशी थांबून, उतरून, काठी घालून पाणी पाहिलं आणि मगच गाडी नेली.

गंमत पुढे. घाट संपल्यावर एक एसटीचा थांबा लागला. बाबांनी गाडी थांबवली. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, काही नाही. पुढच्या थांब्यावर परत थांबवली. त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जात होता, आत्या, त्यांनाही थांबवता येईना. तिसऱ्या थांब्यावर तीन कोरकू बाया बसची वाट पाहत होत्या. गाडी अदबीनं समोर येऊन थांबलेली पाहून त्यांनी दार सरकवलं आणि चढल्या. बाबांनी मागे वळून सांगितलं, पुढं सरका, पुढं सरका.

धारणीला पोचलो तेव्हा गाडीत माझी सगळी कलमं, नऊ माणसं आणि एक कोंबडी होती. प्रत्येकाच्या मांडीवर दोन दोन कलमं, एकाचंही पान मोडलं नाही. शेवटची म्हातारी उतरताना पैसे काढायला लागली, तर बाबा म्हणाले, राहू द्या मावशी, आज कंडक्टर सुट्टीवर आहे. आणि मग बाजूला जाऊन चष्मा पुसत राहिले.

येत्या सोमवारी पुन्हा निघतोय. त्या बाया थांब्यावर उभ्या राहणार आहेत, त्यांनी बाबांना वेळ विचारून घेतली. तुम्हीही या. खिडकीची जागा बाबांनी तुमच्यासाठी रुमाल टाकून धरली आहे.

आम्हांवरचं प्रेम असंच ठेवा, आणि चुका काढून हेच पत्र परत पाठवू नका.
तुमची,
आचल