फायर स्टेशनला येणारा दादाचा फोन

सामरवरणी, सिल्वासा
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप सौ. प्रमिला वहिनींना,
समाधानचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे मी बरा आहे. थंडी अजून नावालाच आहे, पंखा लावून पांघरूण घ्यायचे दिवस. तुमचे गुडघे कसे आहेत? साक्रीच्या थंडीत ते धरत असतील. तेल लावून शेकत जा. शाळेतल्या खिचडीपायी स्वतःकडे बघायचं राहून जातं तुमचं. पत्र नेहमीप्रमाणे शाळेच्याच पत्त्यावर पाठवतोय. घरात फोन एकच, तोही दादाचा, मग तुमच्याशी बोलायला मला टपालपेटीशिवाय दुसरी वाट नाही.

कामाची गोष्ट आधी लिहितो, नाहीतर मी वाहवत जाईन. दादाला सांगा, फायर स्टेशनला फोन करणं बंद कर. ती लाइन मोकळी लागते. गुरुवारी तपासणी आहे.

तुम्ही म्हणाल, कसलं फायर स्टेशन आणि कसली तपासणी? बरोबर आहे. सगळं उलटं सांगायला लागलो मी.

आमची कंपनी सिल्वासाची, पण दिवाळीनंतर आम्हा सगळ्यांना अणुवीज केंद्रात कामाला लावलंय. पहाटे कंपनीची बस समुद्राकडे नेते, संध्याकाळी परत आणते. घाबरू नका. किरणं मोजायचा बिल्ला गळ्यात असतो आणि आमचं काम बाहेरच्या इमारतींमधलं. भिंतीतून केबली जातात, त्यांच्याभोवती फट राहते. ती आग अडवणाऱ्या पुट्टीने बुजवायची. सेफ्टीचे साहेब म्हणतात, ‘पहले धुआँ जाता है, आग उसके पीछे जाती है.’ म्हणून बोटभर फटसुद्धा सोडायची नाही. शिवाय तिथे आपोआप मिटणारी जड लोखंडी दारं आहेत, आग अडवायला. त्या प्रत्येक दारात विटेचा तुकडा अडकवलेला, का तर चहाची किटली नेताना दार आडवं येतं! सध्या आम्ही विटा वेचत फिरतोय. एका दारातली वीट उचलून पुढे गेलो की मागे दुसरी वीट उगवलेली असते.

तपासणीला येणाऱ्या साहेबांना सरावही दाखवावा लागतो. खोटी आग, खोटा धूर, खोटा जखमी. त्याची तालीम गेल्या सोमवारी सकाळीच झाली. जखमी मी. अंगाने काटकुळा, म्हणून स्ट्रेचर उचलणाऱ्यांनीच माझं नाव सुचवलं. फायर स्टेशनचा फोन सांभाळणारा स्वप्नील नावाचा चिपळूणचा पोरगा आहे, त्याने कणिक आणि लाल रंग लावून माझा हात असा काही भाजवला की बघून मलाच चुरचुरायला लागलं.

आता ऐका. या सरावात सगळं खोटं असतं, पण जखमीच्या घरी फोन मात्र खराच लावतात. लागतो का, कोण उचलतं, किती वेळात उचलतं, ते तपासायला. साहेबांनी विचारलं, ‘किसको लगाना है?’ मी दादाचा नंबर दिला.

मी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ऐकत होतो. साहेब म्हणाले, समाधान देवरे काम करताना भाजला आहे, दवाखान्यात नेत आहोत. हा सराव आहे, हे शेवटी सांगायचं असतं. तेवढं बोलायच्या आत पलीकडून फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तेरा भाई बोलता है, वो मेरा कोई नहीं, मैं उसके नाम से नहा चुका हूँ. नहा चुका मतलब क्या?’

अख्खी गँग माझ्या भोवती उभी. मी काय सांगू, वहिनी? की मी रूपालीशी लग्न केलं, ती वारली आदिवासी समाजाची, इथल्या खेरडी गावची, म्हणून माझ्या भावाने मी मेलो असं धरून भर दुपारी अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर बादली ओतून घेतली? तुम्हीच कळवलं होतं मला ते. मी साहेबांना म्हटलं, हमारे उधर ऐसे ही बोलते हैं. बाकीचे हसले. मीही हसलो आणि मग हात धुवायला गेलो तर तो रंग निघेना.

ठीक, विषय संपला असं मला वाटलं. त्याने आंघोळ केली ती केली. मेलेला माणूस पुन्हा भाजला तर काय फरक पडतो?

पण त्याच दिवशी संध्याकाळी उशिरा घरी आलो तर रूपाली सांगते, ‘एक माणूस आलेला. सिव्हिलमध्ये तुला शोधून आला. समाधान कुठल्या वॉर्डात ठेवलाय, विचारत होता. मी बोलले, कामावर आहे, बराबर आहे, ते आगीचं खोटं असते, सरावाचं. तर पायरीवर बसला. पाणी दिलं, पिला. जा बोलले नाही मी, तरी उठून गेला.’

मी विचारलं, कोण होता? ती म्हणाली, ‘नाव नाही सांगितलं. कान तुझ्यासारखे.’

तिने दादाला कधी पाहिलेलंच नाही ना. मी धावत बस स्टँडवर गेलो. नाशिकची गाडी सुटून गेली होती.

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. फोनवर म्हणतो माझा कोणी नाही, आणि फोन ठेवून दोन गाड्या बदलत इथे येतो. इथवर येतो, तिच्या हातचं पाणी पितो, आणि मी धडधाकट आहे म्हटल्यावर न भेटता निघून जातो. म्हणजे मी भाजलो असतो तर थांबला असता का? आणि घर कसं सापडलं त्याला? पत्ता तर फक्त माझ्या पाकिटांवर असतो. तुम्ही ती त्याला दाखवता का? रागावून विचारत नाही, खरंच विचारतोय.

इकडे रूपाली वेगळीच तापली. तिला कळलं तो कोण होता, तेव्हा म्हणाली, ‘तू जळालास तर मला फोन नाही? तुला मेला म्हणणाऱ्याला फोन? मी कोण मग?’ बोलून चुलीकडे तोंड करून बसली. गॅसच आहे, पण आपण चूलच म्हणतो. मी म्हटलं, नुसता सराव होता गं. ती म्हणाली, ‘सरावात पण त्याचंच नाव आलं.’

आणि गेल्या मंगळवारपासून हे नवीन. रोज संध्याकाळी फायर स्टेशनच्या फोनवर एक माणूस विचारतो, ‘समाधान देवरे बरा आहे का?’ स्वप्नील हो म्हणतो, की फोन बंद. ज्या नंबरवरून सोमवारी फोन गेला होता, तोच त्याने धरून ठेवलाय. स्वप्नील गरीब आहे, पण काल वैतागला. ‘अहो देवरे, ही आगीची लाइन आहे हो. साहेबांसमोर तुमच्या भावाचा फोन आला नि त्याच वेळी खरी आग लागली, तर मी काय सांगू?’ त्याचं बरोबर आहे. तिथे आग ही थट्टेची गोष्ट नाही, तेवढं महिन्याभरात मलाही समजलंय.

म्हणून तुम्ही दादाला सांगा. मी सांगितलं असं म्हणू नका. किंवा म्हणा. मला कळत नाही.

मंगळवार

पत्र रविवारी टाकायचं राहिलं. बरं झालं.

एक गोष्ट मी गाळली होती. साहेबांनी तालमीच्या आठवडाभर आधी मला बजावलं होतं, घरी सांगून ठेव, फोन येईल, घाबरू नका म्हण. मी मान डोलावली. दादा माझा फोन घेत नाही हे खरं, पण नंबर बदलून रूपालीचा देता आला असता. शाळेच्या पत्त्यावर दोन ओळी टाकून तुम्हाला कळवता आलं असतं. मी यातलं काहीच केलं नाही. मला बघायचं होतं, दादा काय म्हणतो. बसमध्ये मी मनाची समजूत घालत होतो की सरावच तर आहे. पण त्याच्यासाठी तो सराव नव्हता. साक्रीपासून इथपर्यंत तो खिडकीशी बसून कसा आला असेल, हे मी बसमध्ये खिडकीशी बसलो की मनात येतं. वहिनी, मला लाज वाटते. त्या दिवशी त्याने घरी येऊन काही फोडलं असेल, तुमच्यावर ओरडला असेल, तर ते माझ्यामुळे.

आज संध्याकाळी मी स्वप्नीलला म्हटलं, फोन आला की मला दे. बस सुटायच्या आधी मी तिथे जाऊन उभा राहिलो. साहेब बघून न बघितल्यासारखं करून बाहेर गेले. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. दादा, मी बोलतोय. दादा, चुकलो. फोन वाजला, मी उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, ‘फायर स्टेशन.’

‘समाधान देवरे बरा आहे का?’

‘बरा आहे,’ मी म्हटलं.

आता तो ठेवेल असं वाटलं. ठेवला नाही.

मग म्हणाला, ‘त्याले एक निरोप द्याल का?’

मी म्हटलं, सांगा.

‘त्याले म्हना, बायकोले पान्याचा हंडा घेऊन जिना चढू देऊ नको. त्या दिवशी मी घेतला तिच्या हातातून, वर नेऊन दिला. रोज कोन नेऊन देईन? सकाळी नळाची वाट पाहू नको म्हना, रातीच भरून ठेव. पहिलटकरीन आहे ती.’

वहिनी, हे तुम्हाला लिहायचं मी टाळत होतो. रूपालीला सहावा महिना आहे. प्रत्येक पत्रात लिहायला घ्यायचो आणि तुमचा चेहरा समोर यायचा. तुम्ही मला अंघोळ घातलीत, शाळेत घातलंत, तापात मांडीवर घेऊन बसलात, आणि तुमच्या स्वतःच्या घरात पाळणा हलला नाही. त्या घरातून मी तोडला गेलो, आणि वरून ही बातमी द्यायची? आनंदाची म्हणून द्यायची, की माफी मागून? मला ठरवता आलं नाही. दादाने ते जिन्यातच बघितलं होतं, आणि बघूनही तुम्हाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं नसेल तर आता माझ्याकडून कळतंय. रागावलात तरी चालेल, पण पत्र फाडू नका.

फोनवर मी नुसतं ‘सांगतो’ म्हटलं. आवाज माझाच होता, मी काही बदलला नव्हता. ज्याने मला बोलायला शिकवलं त्याला तो ओळखू येणार नाही का? पण तो ‘साहेब’च म्हणत राहिला. ‘साहेब, उद्यापासून या नंबरवर केला तं चालेल ना?’

मी सांगितलं, नाही चालणार. तपासणी आहे, लाइन मोकळी लागते.

‘मग कोनता लावू?’

मी म्हटलं, त्याचाच लावा, देतो मी, लिहून घ्या. एकेक आकडा सांगायला लागलो. तो प्रत्येक आकडा माझ्यामागून म्हणत होता, सावकाश, लिहिणाऱ्यासारखा. निम्मे आकडे झाले. मी थांबलो. स्वप्नील दुसरीकडे बघत होता.

उरलेले आकडे दादाने म्हटले. सगळे बरोबर. शेवटपर्यंत.

मग फोन ठेवला त्याने.

आता रात्रीची जेवणं झालीत, पाणी भरून ठेवलंय, रूपाली झोपलीय. मोबाइल समोर आहे, अजून वाजलेला नाही. तो आज करेल, उद्या करेल, का करणारच नाही, काही समजत नाही. तो साहेबाशी बोलत होता की माझ्याशी, हे तुम्ही त्याला विचारू नका. मलाही नका सांगू. दादाला माझा नमस्कार. रूपालीचाही आहे, तिने झोपायच्या आधी दोनदा बजावलंय.

तुमच्याच घरचा,
समाधान