तिघांचं एकमत

खानापूर, माघ वद्य षष्ठी, शके १८५९

तीर्थरूप दाजींच्या चरणी मारुतीचा शिरसाष्टांग नमस्कार. (आडवा पडूनच लिहितोय, तेव्हा तो खरोखरीचा समजावा. वाकलं की उजव्या बरगडीखाली कळ येते.) निपाणीत तुमचा खोकला आणि आक्काचे गुडघे कसे आहेत? तंबाखूला यंदा भाव बरा आहे असं ऐकलं, आनंद वाटला.

इकडे मात्र माझ्यावर उघड अन्याय झाला आहे. पित्ताच्या पिशवीत खडे झालेत, ती कापून काढावी लागेल, असं बेळगावच्या डॉक्टरांनी दसऱ्यालाच सांगितलं. आता वखारीतला ओंडकासुद्धा मी दोघांना विचारल्याशिवाय कापू देत नाही, मग हे तर पोट. म्हणून मुद्दाम चिकोडीच्या डॉक्टरांकडे गेलो. या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, एकाने हिवताप म्हटला की दुसरा हटकून विषमज्वर म्हणणार. त्यांनीही शब्दन् शब्द तेच सांगितलं. मग खासबागेतले वैद्य गाठले (हे सुरीचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या घालतात), तर तेही म्हणाले, काढून टाका. जन्मात तिघांचं एकदाच जमलं, ते माझ्या पोटावर.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण हे काम अवघड कशाने होतं, यावरही एकमत. पिशवी पुन्हापुन्हा सुजली की आजूबाजूला चिकटते, मग कोणती नळी कापायची आणि कोणती राखायची ते दिसत नाही. त्यात वर चरबी. (हे बोलताना तिघांनीही माझ्या पोटाकडेच पाहिलं.) आणि सगळ्यात वाईट म्हणजे उशीर. म्हणजे यांच्यात मतभेद निघावा म्हणून मी मोटारीचे धक्के खात हिंडत होतो, तोवर माझं दुखणं मीच अवघड करत होतो म्हणे. माझा तर संताप संताप झाला. घरी हिच्याकडे गाऱ्हाणं केलं, बायको तरी बाजू घेईल म्हणून. ती चूल फुंकत म्हणाली, "आवं, आनी किती जणांस्नी इचारनार? तवर ती पिशवी चिकटत चाललीया की." म्हणजे घरातही तेच. एका माणसाविरुद्ध एवढ्यांनी एक व्हावं, हे तुम्हाला तरी पटतं का?

आपला आज्ञाधारक,
मारुती

ता. क. : येत्या सोमवारी बेळगावला दवाखान्यात दाखल होतोय. त्या वेळी घरचं वडील माणूस जवळ असावं असं डॉक्टर म्हणतात. (डॉक्टर तसं काही म्हणाले नाहीत. मला भीती वाटते.) तुम्ही या. आक्काला मात्र कळवू नका, ती रडत बसेल.

आणखी ता. क. : आक्काला घेऊनच या.