कोठडी बांधण्याआधीचं जेवण

अप्पा,

तुमच्या नातीला पोलिसात जायचंय. इथल्या, आयर्लंडच्या. आमच्या मलिंगारमध्ये पोलिसांना गार्ड म्हणतात आणि त्यांच्या कमरेला बंदूक नसते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मग चोरांना काय ओवाळतात का?" उद्या तिची मुलाखत आहे. "बाबा, आजोबा वॉज द फर्स्ट गार्ड इन युअर टाउन, राइट? टेल मी अबाउट हिम," म्हणून सकाळपासून मागे लागली होती.

मी तिला सुरुवातीचं सांगितलं. गावात नवी चौकी आली, तीही भाड्याच्या कापसाच्या गोदामात. पुढे तुमचं टेबल, मागे आपलं बिऱ्हाड. कोठडी नव्हतीच, म्हणून पकडलेला माणूस तालुक्याला नेईपर्यंत आपल्या स्वयंपाकघराच्या दारात बसायचा आणि आई त्याला जेवायला वाढायची. एकदा पंप चोरणाऱ्या एकावर तुम्ही हात उगारलात, तशी आई पळी घेऊनच उठली. "माझ्या घरी जेवलाय तो. त्याच्या अंगाला हात लावायचा नाही." "अगं बाई, हे ठाणं आहे की खानावळ?" तुम्ही ओरडलात खरे, पण हात खाली घेतलात. मग तो नियमच होऊन गेला. लोक म्हणायचे, चोरी करावी तर याच गावात, पिठलं झकास मिळतं! पोरगी खळखळून हसली. केवढा अभिमान तिच्या चेहऱ्यावर, अप्पा. मला बघवेना.

कारण पुढचं मला ठाऊक आहे. कोठडी बांधली, आपण पोलीस लाइनीत राहायला गेलो, आणि आईचं ताट तिथवर पोचेनासं झालं. शाळेत जाताना कोठडीतलं ओरडणं ऐकू यायचं, मी कान दाबून पळायचो. संध्याकाळी तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवायचात. एका माणसाला तर हातगाडीवर घालून बाहेर काढलं. त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही, आणि तुम्हीही का म्हणून विचारलं नाहीत. मला तुमचा अजून राग येतो. आठवणही तितकीच येते, हेच वाईट.

"अँड हू फेड देम आफ्टर दॅट, बाबा?" लेकीनं विचारलं.

"आजीच," मी म्हटलं.

"ग्रँड!" म्हणाली, आणि उद्या काय बोलायचं ते पुटपुटत आत गेली. जिन्यापाशी मी तिला शुभेच्छाही दिल्या. हे तुम्हाला धाडणार कुठे, तेव्हा खरं बोलायला हरकत नाही. तिची निवड होऊ नये असं मला वाटतंय, अप्पा.