गेनूच्या पिशवीतला दुधी

ती. दादास धाकट्या शिवानीचा नमस्कार.

तुझा गुडघा, वहिनीचा खोकला आणि आपल्या पासलीतलं भात ही तिन्ही आता मार्गाला लागली असतील असं धरून चालते. मी इथं जैसलमेरच्या पुढं, वाळूत, जिवंत आहे. फोन न करता पत्र का, ते तुला ठाऊक आहे. आई मोबाईल स्पीकरवर ठेवते आणि मग अर्धी पासली मला विचारते, उंट चावला का. (उंटाला मी भिते हे खरं. पण तो नुसता बघतो. तेच वाईट.)

ह्यांच्या सोलरच्या नोकरीपायी इथं आलो तेव्हापासून मी धास्तावलेलीच आहे. बेडूक नाही, ओढा नाही, इतकी शांतता की स्वतःच्या बांगड्यांनी दचकायला होतं. सोबत म्हणून अंगणात दुधीचा वेल लावायचं ठरवलं, आईनं दिलेलं बी होतंच. मृग लागला तशी मी पेरणी केली आणि आपल्या रीतीनं वाफ्याभोवती हातभर खोल चर खणला. शेजारच्या म्हाताऱ्या मांगीदेवी काठी टेकत आल्या, हे कशाला म्हणाल्या. मी सांगितलं, पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून. त्यांनी आभाळाकडं बघितलं, चराकडं बघितलं आणि सुनांना बोलावून आणलं. दुपारपर्यंत सगळी गल्ली चर बघून गेली. पाऊस काही आला नाही, वाळू आली. चर भरला, रोपं करपली. त्या दिवशी मी इतकी घाबरले की तिथंच उभ्या उभ्या आपल्या भैरवनाथाला बोलून बसले, देवा, या अंगणात कधी वेलाला फळ धरलंच तर पहिला दुधी तुझ्यापुढं ठेवते, तू आम्हाला घरी ने.

इथली बाग आपल्या उलटी चालते, दादा. आपण गुडघाभर चिखलात लावणी करतो तेव्हा इथं बाईनं आणि बियाणानं गप सावलीत बसायचं, असं मांगीदेवींचं म्हणणं. (नुसतं बसायची मला फार भीती वाटते. हातात काम नसलं की सापच आठवतात.) भाद्रपदात उरलेलं बी लावलं, मुळाशी मडकं पुरलं. त्यात पाणी भरून ठेवलं की ते झिरपत झिरपत वेलाला मिळतं. वर माझ्या जुन्या साडीची सावली केली. मग रोज नवी धास्ती. वारा सुटला की साडी उडेल, शेळी दिसली की वेल खाईल, मडक्यावरचं झाकण काढताना आत विंचू असेल. दसऱ्याला पांढरं फूल आलं तेव्हा आनंदानं नाही, भीतीनं रडले. फळ धरल्यावर तर दृष्ट लागू नये म्हणून त्याला तान्ह्या बाळासारखी टापशी बांधली.

परवा ह्यांनी तो दुधी मला न विचारता कापला. पहिलं फळ देवापुढं गेल्याशिवाय आपल्यात कुणी तोंडात घालत नाही, ते त्यांना माहीत आहे. माझा नवसही माहीत आहे. ह्यांच्याबरोबर कामाला असलेला कामथडीचा गेनू सुटीवर निघाला, त्याच्याच पिशवीतून हे पत्र आणि दुधी तुझ्याकडं आलाय. ह्यांची पुण्याकडं बदली होणार अशी कुजबुज आहे. “येवढा दुधी देवापुढं गेला की सुटलो हितनं,” असं म्हणून हे शीळ घालत आंघोळीला गेले. मी रिकाम्या देठाकडं बघत बसले, मग उठून मडक्यात पाणी भरलं.

सगळ्यांना नमस्कार, लहानांना पापे.

तुझी भित्री बहीण,
शिवानी

ता. क. दुधी देवापुढं ठेवू नकोस. त्याच वेलाला आणखी कळ्या धरल्यात. थंडीत मेथी आणि गाजर लावायला मांगीदेवी बी देणार आहेत, त्यांनी माझ्यासाठी वेगळं बांधून ठेवलंय. आम्ही निघालो तर मडक्यात पाणी कोण घालणार?

ता. क. पण खाऊही नकोस, देव कोपायचा. शिंक्यात ठेव. गुरवाला एकट्याला गाठ आणि कौल लावायला सांग, बोललेला नवस मागं घेता येतो का. नाहीच म्हणाला देव, तर होळीपर्यंत थांबतो का विचार.

ता. क. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. ती विचारेलच, “शिवा अजून भिती का रं तितं?” व्हय म्हण. कशाला, ते सांगू नकोस.