ट्रंकेवरची मोकळी ओळ

प्रिय आबा,

तुम्ही असतात तर 'तीर्थरूप' लिहिलं असतं. सासऱ्यासमोर उभं राहून चार वाक्यं कधी बोलले का मी? लंडनहून परवा आष्ट्याला आले, सगळ्यांशी बोलून झालं, तुमच्याशीच राहिलं. म्हणून हे पत्र.

एलएल.एम.ला प्रवेश मिळाला तेव्हा सुलू चार वर्षांची होती. तुमचे चिरंजीव नेहमीप्रमाणे म्हणाले, "आबा काय म्हणतात बघू." भावकी मात्र थांबली नाही. "लेकरू टाकून कोन बाई जाती व्हय?"

तुम्ही पानाला चुना लावता लावता म्हणालात, "मी पलटणीत गेलो तवा पोरं टाकून गेला आसं कुणी म्हनलं न्हाई. मग हिलाच का रं? सुलू माज्यापाशी ऱ्हाईल." झालं! माझं जाणं ठरलं.

आणि तुमची ती काळी पत्र्याची ट्रंक! तुमचं नाव खरवडून पांढऱ्या रंगानं माझं लिहिलंत, खाली 'मु. पो. आष्टा', मध्ये एक ओळ मोकळी. "आबा, इथं काही राहिलं का?" "ऱ्हाऊ दे. फौजेत बढती झाल्याबिगर हुद्दा लिवत न्हाईत."

तिकडे पहिल्याच दिवशी आम्हा बाहेरदेशच्या वकिलांना वेगळं बसवून, न्यायालय म्हणजे काय इथून सुरुवात केली. सांगली कोर्टात साक्षीदारांना घाम फोडणारी मी पुन्हा बिगारीच्या वर्गात! खोलीवर येऊन रडले. सुलूकडे परत जायचं ठरवून ट्रंक भरायला घेतली, तर झाकणावरची ती मोकळी ओळ दिसली. तशीच कशी आणून ठेवणार होते तुमच्यापुढे? कपडे पुन्हा बाहेर काढले.

एकाच गोष्टीचा राग आहे. जग सोडून जाताना "तिला तार करू नगा, परीक्षा हाय" असं बजावून गेलात. असं करतात का, आबा? पण खरं सांगू? तार आली असती तर मी परीक्षेला बसलेच नसते. तुम्ही मला पुरतं ओळखलं होतं. माझ्या वडिलांनीही केलं नसतं एवढं तुम्ही केलंत.

सुलू अगदी तुमची झालीय. उठल्या उठल्या अंथरुणाची कडक घडी घालते आणि मलाही घालायला लावते.

काल रंग आणून मोकळ्या ओळीत माझा हुद्दा लिहिला, 'एलएल.एम., लंडन'. अक्षर तुमच्याइतकं सरळ आलं नाही. सुलू शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आई, माजं नाव कवा?"

आबा, शब्द देते. ती निघेल त्या दिवशी हीच ट्रंक मी तिच्या नावानं रंगवीन आणि मधली ओळ मोकळी सोडीन. भावकीला उत्तर द्यायला तेव्हा तुम्ही नसाल. ते मी देईन.

तुमची सून,
इंदू
मु. पो. आष्टा