उलटीच्या गोळ्या माझ्याकडेच राहिल्या

२८ मार्च, शनि. डार्मश्टाट
परत घरी. एकटा. विमानतळावर चेक-इनच्या बाईने माझा भारतीय पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. मार्टिनिक बेट फ्रान्सचं, फ्रान्स शेंगेनमध्ये, म्हणजे माझं जर्मनीतलं कायमच्या वास्तव्याचं कार्ड चालणारच, असं मी मेधाला ठासून सांगत आलो होतो. चालत नाही. वेगळा व्हिसा लागतो. मेधा आणि ईराचे पासपोर्ट जर्मन, त्यांना कोण अडवतंय.
"राहू दे, आम्हीपण नाही जात," मेधा म्हणाली. मीच म्हटलं, जा. शिडाची बोट भाड्याने घेतलीय, पोरीची ईस्टरची सुट्टी... इतक्या पटकन ऐकतील असं वाटलं नव्हतं.
बसमध्ये लक्षात आलं, ईराच्या उलटीच्या गोळ्या माझ्या बॅगेत.

२९ मार्च, रवि.
पोचल्या. आज इथली घड्याळं तासभर पुढे. म्हणजे त्या दोघी आणखी एक तास लांब. एवढंच बाकी होतं.

३१ मार्च, मंगळ.
मेधाला सूचना पाठवल्या. शीड आधीच लहान कर, ईराला खाली झोपव, वारा वाढला तर निघू नकोस. उत्तर: "नितीन, बोटीचं लायसन्स माझ्याकडेही आहे." आहेच. ती पहिल्या फटक्यात पास, मी दुसऱ्या. पण बाल्टिक समुद्रावर दर उन्हाळ्यात सुकाणू मीच धरतो. ईरा बिचारी केबिनमध्ये बादली घेऊन.
बॅग पॅसेजमध्येच पडलीय. मेतकूट तेवढं काढलं. भात, मेतकूट, उभ्याउभ्या.

२ एप्रिल, गुरु.
आज मार्टिनिकहून सेंट लुशिया. मध्ये उघडा समुद्र. पोचल्या की मेसेज करणार. संध्याकाळपर्यंत नाही आला तर बचाव केंद्राला फोन मी करायचा. माझं काम एवढंच उरलंय. मीटिंगभर फोन मांडीवर. शेजारच्याने विचारलं, "आलेस गुट?", सगळं ठीक ना. म्हटलं, हो, हो. त्याला काय सांगणार.
संध्याकाळ झाली. काही नाही. नंबर काढून ठेवलाय. देवापाशी दिवा लावला, एरवी मेधा लावते. भयंकर भीती वाटतेय.
पोचल्या! नेटवर्क नव्हतं म्हणे. स्वयंपाकघरात उभा राहून रडलो.

३ एप्रिल, शुक्र.
कारफ्रायटाग, म्हणजे गुड फ्रायडे. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. व्हिडिओ कॉल झाला. ईरा काळी ठिक्कर, मजेत. गोळ्यांचं विचारलं.
मेधा म्हणाली, "लागल्याच नाहीत. अख्खी वाट हिनेच बोट आणली. सुकाणू हातात असलं की हिला मळमळतच नाही."
इतके उन्हाळे. एकदाही तिच्या हाती दिलं नाही मी. काळजीपोटी, असं समजत होतो. फार लागलं मनाला.
"अरे, ये ना," मेधा. "पुढची बेटं सेंट व्हिन्सेंटची. बार्बाडोसवरून येता येतं, दोन्हीकडे तुला व्हिसा नको. या वेळी मी तपासलंय." मागून ईरा ओरडली, "आबर इश श्टॉयरे, बाबा!" सुकाणू तिच्याचकडे राहणार म्हणे. मी म्हटलं, बघतो.

४ एप्रिल, शनि.
सोमवारचं तिकीट मिळतंय. अजून काढलेलं नाही. सुकाणू दुसऱ्याच्या हातात असताना मी बोटीवर करतो काय, मला ठाऊकच नाही. बहुतेक उलट्या.
गोळ्या बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या, माझ्यासाठी. बॅग दाराशी नेऊन ठेवली आणि परत येऊन बसलो.